परसदारचा वसंत

होळी जळाली की थंडी पळाली, असे आपल्याकडे म्हणतात. साताऱ्यात ती त्याआधीच काढता पाय घेते. महाशिवरात्रीनंतर पहाटेचा गारवा तेवढा उरतो, आणि चैत्र लागेपर्यंत सकाळी दहालाच अजिंक्यताऱ्याचा उतार उन्हाने पिवळा दिसू लागतो. या दिवसांत रोज सकाळी सात वाजता मी आमच्या घरामागच्या दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब जागेत उभी असते. समोर माठाच्या चार ओळी असतात. पहिली काढणीला आलेली, दुसरी वीतभर उंच, तिसरी बोटभर, आणि चौथी नुकतीच मातीतून डोके वर काढणारी. पहिली ओळ संपते तेव्हा दुसरी तिची जागा घेते आणि रिकाम्या झालेल्या जागी नवे बी पडते.

चार ओळींची ही शिस्त माझी नव्हे, माझ्या वडिलांची, अण्णांची आहे. ती केवळ हौसेपोटीही आलेली नाही. तिच्यामागे एक चूक आहे, आणि ती चूक मात्र माझी आहे.

अण्णा माण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. आज त्यांचे वय 74 आहे. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची एक झडप बदलून तेथे कृत्रिम झडप बसवावी लागली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरण्याचा धोका असतो, म्हणून तेव्हापासून त्यांना वॉर्फरिन ही रक्त गोठण्याची क्रिया मंद करणारी गोळी रोज घ्यावी लागते. हे औषध मोठे नाजूक. त्याचा परिणाम कमी पडला तर गुठळीची भीती, अधिक झाला तर रक्तस्रावाची. म्हणून ठरावीक काळाने रक्ताची तपासणी करून आय.एन.आर. नावाचा एक आकडा पाहतात. हे औषध न घेणाऱ्या निरोगी माणसात तो साधारण 1 असतो. अण्णांचा आकडा 2.5 ते 3.5 यांच्या दरम्यान राहावा, असे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिले आहे.

बारा वर्षे हा आकडा जवळजवळ शहाण्या मुलासारखा वागला. आम्ही भावंडे त्याचे श्रेय औषधाला देत होतो.

गेल्या कार्तिकात आई गेली. मार्गशीर्षात मी अण्णांना आमच्या घरी आणले. एक ट्रंक, एक छत्री आणि औषधांचा डबा एवढेच घेऊन ते आले. लेकीच्या घरी कायमचे राहायला येणे त्यांच्या पिढीच्या माणसाला किती जड जाते, हे त्यांच्या बसण्यावरून कळत असे. ते खुर्चीच्या कडेवर बसत, पाहुणा बसतो तसे. पाणी हवे असले तरी मागत नसत. रात्री अर्धी भाकरी खाऊन ताट बाजूला सारत आणि म्हणत, "झालं पोट. तुम्ही जेवा निवांत."

मी घाबरले होते. आईने बारा वर्षे सांभाळलेले माणूस आता माझ्या हाती होते. कुणा नातलगाने फोनवर एक निरोप धाडला होता: रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्याने पालेभाजीला स्पर्शही करू नये. मी आणखी थोडे वाचले, तेव्हा पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करते, एवढे कळले. तेवढ्यावर मी निर्णय घेऊन टाकला. मेथी, माठ, पालक, शेपू, चाकवत सगळे बंद. वरणावरची कोथिंबीरसुद्धा बंद. स्वयंपाकघरात एक कागद चिकटवला आणि त्यावर लाल शाईने यादी लिहिली. थंडीचे दिवस, मंडईत मेथीचे ढीग लागलेले. घरात आमच्यापुरती मेथीची भाजी होई आणि अण्णांच्या ताटात दुधी. ते ताटाकडे पाहत, बोलत काहीच नसत.

पौषातल्या एका सकाळी चूळ भरताना बेसिनमध्ये लाल पाणी पडलेले मी पाहिले. विचारले तर म्हणाले, "हिरड्यांचं असेल. चार दिवस झाले." सदऱ्याची बाही वर केली तर दंडावर निळा-जांभळा डाग होता आणि कुठे आपटल्याचे त्यांना आठवत नव्हते. त्याच दिवशी तपासणी केली. आकडा 4.8 आला.

डॉक्टरांनी शांतपणे विचारले, "गेल्या महिन्या-दीड महिन्यात जेवणात काय बदललं?" मी जवळजवळ अभिमानानेच सांगितले की पालेभाजी पूर्ण बंद केली आहे. त्यांनी पेन खाली ठेवले आणि मला समजावून सांगितले. रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात आणि त्यांना के जीवनसत्त्व लागते. वॉर्फरिन त्या जीवनसत्त्वाच्या वापरात अडथळा आणते. अण्णांच्या गोळीची मात्रा त्यांच्या रोजच्या आहाराशी जुळवून बसवलेली होती आणि त्या आहारात पालेभाजी होती. ती काढून घेतल्यावर गोळी तेवढीच राहिली, पण तिचा जोर वाढला. शिवाय जेवणही निम्मे झाले होते, त्याने भर घातली.

"पालेभाजी शत्रू नाही," ते म्हणाले. "तिचं एकदम कमी-जास्त होणं वाईट. पूर्वी जेवढी खात होते, तेवढीच हळूहळू परत सुरू करा, आणि दर आठवड्याला सारखी ठेवा. गोळीचं किती आणि कधी, ते मी आकडा बघून ठरवेन."

परतताना रिक्षात मी गप्प होते. मी ज्याला जपणूक समजत होते, त्यानेच माणसाला धोक्याच्या कडेवर नेले होते. अण्णांनी खिडकीबाहेर पाहत विचारले, "मग आता पालेभाजी चालेल?"

"चालेल. पण सारखी. आठवड्याला तेवढीच."

"तुझी आई सोमवार, बुधवार आणि शनिवार करायची. एकेक वाटी. बारा वर्षांत तिनं वार चुकवला नाही."

मला हे ठाऊक नव्हते. आईने कधी सांगितले नव्हते आणि आम्ही कधी विचारले नव्हते. दवाखान्यात कुणी तरी तिला एकदा समजावून सांगितले असेल; तिने त्याचा गवगवा न करता वार बांधून घेतले आणि वाटी ठरवून घेतली. आम्ही ज्या आकड्याचे श्रेय केवळ गोळीला देत होतो, त्यात तिची वाटी होती.

ठरवले तेवढे सोपे मात्र नव्हते. मंडईतली जुडी कधी मुठीएवढी, कधी कवेत न मावणारी. कधी मेथी मिळे, कधी फक्त शेपू. आणि उन्हाळा जसा जवळ येतो तशा पालेभाज्या महागतात, कोमेजलेल्या येतात. मी तक्रार केली तेव्हा अण्णा म्हणाले, "मागं जागा आहे की."

मागे जागा होती, म्हणजे तिथे कपडे धुण्याचा दगड, कढीपत्त्याचे झाड, फुटक्या कौलांचा ढीग आणि दोन गळक्या बादल्या होत्या. अण्णांनी पहिल्या दिवशी काहीच केले नाही. एक खुर्ची मागे नेली, वही घेतली आणि दर तासाला ऊन कुठे पडते ते लिहून ठेवले. भाजीला दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन हवे, त्यामुळे कढीपत्त्याच्या सावलीची बाजू त्यांनी वगळली. रविवारी आमच्या ह्यांनी आणि मुलाने मिळून जमीन खणली. खाली नुसता मुरूम. मग दोन भाग काळी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि मिळाला तेवढा पालापाचोळा, असे कालवून जमिनीपासून वीतभर उंच वाफा केला. वाफा सहा फूट लांब आणि तीनच फूट रुंद. "दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे," अण्णा म्हणाले. "वाफ्यात पाय द्यायचा नाही. माती दडपली की मुळांचा श्वास कोंडतो."

वसंत पंचमीला पहिली ओळ पेरली. माठाचे बी खसखशीएवढे, काळेभोर आणि चकचकीत. तसेच पेरले तर एका जागी शंभर पडते, म्हणून चिमूटभर बी मूठभर बारीक वाळूत मिसळायचे. वीतभर रुंदीच्या पट्ट्यात ते पसरायचे, वर झाकेल-न-झाकेल एवढी माती भुरभुरायची आणि झारीने पाणी द्यायचे. पाइपाची धार लावली तर बी वाहून एका कोपऱ्यात जाते.

अण्णांचा हिशोब असा होता. ओळ सहा फुटांची. एका वेळी दोन फूट काढायची, म्हणजे शिजून एक वाटी अण्णांची आणि उरेल ती आमची. आठवड्याला तीन वेळा, म्हणजे एक ओळ एका आठवड्यात संपते. माठ साधारण चार आठवड्यांत काढणीला येतो. म्हणून ओळी चार, आणि दर आठवड्याला एक ओळ पेरायची. त्यांनी वहीत शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखले: पेरणीची तारीख, उगवण, विरळणी, काढणी. मुलगा हसला. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "हजेरी घेतल्याशिवाय गैरहजर कोण ते कळत नाही."

पहिले पाच दिवस काहीच दिसले नाही. सहाव्या सकाळी मातीवर गुलाबी धाग्यांची बारीक वीण उमटली होती. वाकून पाहिल्यावर कळले की ते कोंब आहेत. मी चाळिशी ओलांडलेली बाई. आयुष्यभर भाजी खाल्ली, निवडली, चिरली, पण तिला जमिनीतून बाहेर येताना पाहिले नव्हते. त्या दिवशी मी कार्यालयात पंधरा मिनिटे उशिरा पोचले.

माघातल्या रात्री अजून गार होत्या, त्यामुळे पहिल्या ओळीला चार आठवड्यांऐवजी 34 दिवस लागले. अण्णांनी वहीत तेही टिपून ठेवले. तोवर मंडईतली भाजी शिजवून वाटीने मोजून देत होतो. होळीला सहा दिवस राहिले असताना आम्ही पहिला माठ काढला. लसूण आणि हिरवी मिरची तेलात परतून, वर चिरलेला माठ, झाकण न ठेवता दहा मिनिटे, आणि शेवटी थोडे भरड दाण्याचे कूट. कढईभर पाला बघता बघता बसून वाटीभर झाला. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर अण्णांनी तो खाल्ला. मी दुसरी अर्धी भाकरी वाढायला पुढे झाले, तर त्यांनी नको म्हटले नाही.

भाजी घरची म्हणून चवदार लागली, की काढल्यापासून अर्ध्या तासात शिजली म्हणून, की पोटात खरीच भूक होती म्हणून, हे मला सांगता येणार नाही. तिन्ही असेल. सकाळी दीड तास मातीत वाकून-उठून काम केलेल्या माणसाला भूक लागते, हे आपण विसरलेलो असतो.

माठाने धीर दिला आणि मग हात सुटला. महाशिवरात्रीनंतर भेंडी, गवार, दोडका आणि काकडी लावली होती. या भाज्या उबेच्या; गारठ्यात बी नुसते मातीत पडून राहते. भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी फूटभर अंतरावर टोकले. गवारीला फारसे पाणी लागत नाही आणि ती कडधान्याच्या कुळातली असल्याने तिच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. दोडक्यासाठी मागच्या भिंतीवर तारेचा मांडव केला. ऊन वाढू लागले तसे रोपांच्या बुडाशी उसाचे पाचट अंथरले. आमच्या भागात पाचट मागाल तेवढे मिळते, आणि त्याने ओल टिकते, तण कमी होते. तापत्या दुपारसाठी आईची एक जुनी सुती साडी कोवळ्या ओळींवर ताणून बांधली. ती अण्णांनीच ट्रंकेतून काढून दिली. साडी बांधताना आम्ही दोघेही काही बोललो नाही.

एक सकाळ मी विसरणार नाही. रविवार होता आणि अण्णा अजून उठले नव्हते. त्यांना आयते स्वच्छ वाफे दाखवावेत म्हणून मी तण काढायला बसले. जमिनीवर पसरलेली, लालसर जाड देठाची आणि बारीक मांसल पानांची एक वनस्पती सगळीकडे माजली होती. मी तिचा ढीग केला आणि केराच्या टोपलीत टाकणार, तोच मागून आवाज आला, "अगं अगं, घोळ आहे ती! फेकतेस काय?"

अण्णा खाली बसले आणि एकेक काडी निवडू लागले. त्यांच्या लहानपणी माणदेशात पाऊस दगा द्यायचा, तेव्हा पेरलेले काही हाती लागत नसे. पण विहिरीच्या थारोळ्याजवळ घोळ हमखास असे. त्यांची आई ती मुगाच्या डाळीत शिजवायची, कधी ताकात. आंबूस, किंचित बुळबुळीत, पण उन्हाळ्यात हवीशी वाटणारी. ते सांगत होते आणि मी ऐकत होते. आई गेल्यापासून ते सलग एवढे बोलले नव्हते. त्या दिवशी मुगाच्या डाळीतली घोळ झाली. आणि जेवायला बसण्यापूर्वी अण्णांनी स्वतःच वहीत लिहिले: रविवारी घोळ एक वाटी, सोमवारचा माठ रद्द.

ही नोंद पाहून माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. माप आता माझ्या लाल शाईच्या कागदावर नव्हते, त्यांच्या हातात होते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. दोडक्याच्या कोवळ्या पानांची तांबड्या भुंगेऱ्यांनी दोन दिवसांत चाळण केली. मी दुकानातून औषध आणायला निघाले, तर अण्णांनी अडवले. भल्या सकाळी गारव्यात भुंगेरे सुस्त असतात. तेव्हा ते हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे. जोडीला निंबोळीचा अर्क. वाळवलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळून त्यात किंचित साबण मिसळायचा आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारायचा. अर्धी रोपे वाचली, अर्धी गेली. वहीत "गैरहजर 3" अशी नोंद झाली.

मांडव बांधताना एकदा तारेचे टोक अण्णांच्या तळहाताला लागले. साधा ओरखडा, पण रक्त थांबेना. स्वच्छ कापडाने दाबून धरून हात उंच ठेवला, तेव्हा पाऊण तासाने जिवात जीव आला. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवले आणि धनुर्वाताच्या लसीचेही विचारून घेतले. पुन्हा तीच जुनी भीती माझ्या मनात उभी राहिली. बागकाम बंद करा, असे शब्द अगदी ओठावर आले होते. पण एकदा सगळे बंद करून काय झाले, ते मी पाहिले होते. म्हणून बंदीऐवजी नियम केले. तार आणि कोयता मुलाकडे. मातीत हात घालायचा तो जाड हातमोजे घालूनच. काम सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी पाचनंतर, भर उन्हात नाही. वाकण्यासाठी बुटके स्टूल, शेजारी पाण्याचा तांब्या. कृत्रिम झडप असलेल्या माणसाला जखमेतला जंतुसंसर्ग अंगावर काढून चालत नाही, म्हणून लहानसा ओरखडाही लपवायचा नाही. शेवटच्या नियमावर अण्णांनी थोडी कुरकुर केली, पण मान्य केला.

मराठीत "काळजी" या एकाच शब्दाला दोन क्रियापदे लागतात. आपण काळजी करतो आणि काळजी घेतो. मार्गशीर्षात मी रात्रंदिवस काळजी करत होते. तिला धरबंध नव्हता, म्हणून ती सगळ्यावर "बंद" असा शिक्का मारत सुटली होती. आईने बारा वर्षे काळजी घेतली, आणि तिच्या काळजीला वार होते, वाटी होती. हा फरक मला कुठल्या पुस्तकाने शिकवला नाही. दर आठवड्याला एक ओळ पेरताना तो हळूहळू उमगला. झाडाचेही तसेच असते. त्याची चिंता वाटून कुणी दिवसातून चार वेळा पाणी घालू लागला तर मुळे कुजतात.

एवढे वाचून कुणी आपल्या घरच्या रुग्णासाठी आमची वाटी उचलू नये. आमची वाटी आमच्या अण्णांच्या गोळीशी जुळलेली आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही नव्या औषधांना पालेभाजीचे हे पथ्य नसते. म्हणून आपली गोळी कोणती, हे आधी डॉक्टरांना विचारावे, आणि कोणताही रस, काढा किंवा पूरक गोळी सुरू करण्यापूर्वीही विचारावे. मुतखड्याची तक्रार असणाऱ्यांनी माठ, पालक, चुका आणि घोळ यांच्या बाबतीत वेगळा सल्ला घ्यावा, कारण त्यांत ऑक्झलेटचे प्रमाण बरेच असते. ओळीची युक्ती मात्र कुणालाही वापरता येईल. अंगण नसेल तर वीतभर खोलीचे चार ट्रे किंवा टोपल्या गच्चीत, सज्जात ठेवाव्यात आणि दर आठवड्याला एकीत माठ पेरावा. तळाला पाणी जाण्यास छिद्रे असली आणि सकाळचे ऊन मिळाले की पुरे. मेथी, कोथिंबीर चैत्रात फार मनासारखी येत नाही. उन्हाने ती लवकर फुलोऱ्यावर जाते. माठ या दिवसांत आनंदाने वाढतो.

पाडव्याला गुढीखाली ठेवायला कडुनिंबाचा कोवळा फुलोरा आमच्या गल्लीतल्याच झाडाचा आणला. गूळ, जिरे, ओवा, हिंग आणि चिंचेत वाटलेली ती कडू गोळी सर्वांच्या हातावर ठेवून झाल्यावर अण्णा मला हाताला धरून मागे घेऊन गेले. भेंडीला पहिले फूल आले होते. फिकट पिवळे, आत गर्द जांभळा डोळा. "संध्याकाळपर्यंत मिटेल हे," ते म्हणाले. "एकाच दिवसाचं असतं. पण सहा दिवसांनी तिथं भेंडी बघ." दोडक्याची फुले उलट वेळेची. ती संध्याकाळी उमलतात. आता आमच्या घरात संध्याकाळी साडेसहाला दूरदर्शन संच लागत नाही. मुलगा मांडवाखाली उभा राहून कोणते फूल नर आणि कोणते मादी ते आजोबांना सांगतो. मादी फुलामागे काडीएवढा दोडका आधीपासूनच असतो, हे त्याला फार नवलाचे वाटते.

बागेने अण्णांचा आजार बरा केला, असे मी म्हणणार नाही. गोळी तीच आहे, तपासणीही ठरल्या दिवशी होते. आईची जागा भरली असेही नाही. बुधवारची वाटी समोर आली की ते क्षणभर थांबतात, ते माझ्या लक्षात येते. पण पौषानंतरचे आकडे 2.7, 3.1 आणि 2.9 असे आले आहेत. ते आता खुर्चीच्या कडेवर बसत नाहीत. पाणी हवे तर हाक मारतात. आणि मध्यंतरी आमच्या गावाकडचा कुणी भेटायला आला, त्याने विचारले, "गुरुजी, लेकीकडं किती दिवस मुक्काम?" तेव्हा अण्णांनी मागे वळून वाफ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आता कसं सांगू? चौथी ओळ परवाच पेरलीय."

पहिल्या ओळीतली माठाची दोन रोपे आम्ही मुद्दाम काढलेली नाहीत. ती कमरेएवढी झाली आहेत आणि त्यांना तुरे धरू लागले आहेत. वैशाखात बी वाळेल. ते ठेवायला अण्णांनी ट्रंकेतून एक पितळी डबी काढून घासून ठेवली आहे. आई तिच्यात वेलदोडे ठेवत असे. झाकण उघडले की अजून तो वास येतो.